लैंगिक कल ‘बदलण्या’चा प्रश्न : श्रद्धा, लोकमत आणि विज्ञानाची जबाबदारी

३१ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. न्यायवैद्यकशास्त्राच्या भागात ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हे’ या मथळ्याखाली स्त्रियांमधील समलैंगिकता पुन्हा एकदा येऊन बसली होती. सर्वत्र टीका झाली. ५ सप्टेंबरला ही तत्त्वे मागे घेण्यात आली आणि आठवडाभरात त्या नोंदी वगळून नवी आवृत्ती निघाली. वृत्तपत्रांनी ही बातमी दोन दिवस चालवली आणि ती विरून गेली.

वाचकहो, या बातमीच्या शेजारी दुसरी एक बातमी ठेवून पाहावी असे मला वाटते. याच आयोगाने २५ ऑगस्ट २०२२ रोजी सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना पत्र पाठवून कळवले होते की, समलिंगी वा तृतीयपंथी व्यक्तीचा कल किंवा ओळख बदलण्यासाठी केला जाणारा तथाकथित उपचार, म्हणजे ‘कन्व्हर्जन थेरपी’, हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी दिलेला आदेश होता. म्हणजे ज्या संस्थेने असा उपचार करणाऱ्याला दोषी ठरवले, तिच्याच पाठ्यक्रमात दोन वर्षांनी जुना शब्द परतून आला. कुणी मुद्दाम आणला की जुन्या मसुद्यातून तसाच वाहत आला, हे इथे गौण आहे. एखादी कल्पना कागदावरून पुसली गेली तरी ती सवयीतून जात नाही, एवढे मात्र त्यावरून दिसते. आणि ही सवय केवळ डॉक्टरांची नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. गेली काही वर्षे फरीदाबादमध्ये राहतो आणि जीवशास्त्र शिकवतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे शहर बहुधा कारखान्यांमुळे किंवा सूरजकुंडच्या मेळ्यामुळे ठाऊक असते. जहांगीराच्या काळातील शेख फरीद याच्या नावावरून त्याला नाव मिळाले आणि फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी त्याचा नवा औद्योगिक भाग वसवण्यात आला. आज गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यालगत येथे जैवतंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थांचा समूह उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव त्याच परिसरात भरला होता. जनुकांची अक्षरे वाचणारी यंत्रे त्या आवारात आहेत. आणि शहराच्या भिंतींवर चुन्याच्या पट्ट्यांवर निळ्या-लाल अक्षरांत गुप्तरोगांच्या ‘शर्तिया इलाजा’च्या जाहिराती आहेत. दोन्हींकडे माणसे एकच प्रश्न घेऊन जातात, हे मला येथे राहूनच कळले.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्यांचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आपल्याला मुलींविषयी आकर्षण वाटत नाही, हे त्याने आईला सांगितले. पुढे जे घडले ते मी त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपतच, येथे लिहीत आहे. आधी ज्योतिषी झाले. पत्रिकेत शुक्र बिघडला असल्याचे निघाले आणि बोटात हिरा आला. मग एका प्रवचनकार महाराजांनी हा संगतीचा दोष ठरवला आणि सकाळचे नामस्मरण सांगितले. मामांचे मत होते की लग्न लावून द्यावे, सगळे आपोआप सुरळीत होईल. शेवटी दिल्लीतल्या एका दवाखान्याने काही बैठकांचा कार्यक्रम आखून दिला, त्याची आगाऊ रक्कम सांगितली आणि ‘सुधारणा होतेच’ असे तोंडी आश्वासन दिले. ती रक्कम भरण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाचे वडील माझ्याकडे आले. ते म्हणाले, “भाईसाहब, तुम्ही विज्ञान शिकवता. मला एकच सांगा, हे बदलते का?”

मी त्यांना जे सांगितले ते त्या संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. येथे ते नीट मांडण्याचा प्रयत्न करतो. कारण त्यांच्या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न मिसळलेले होते, आणि आपल्या समाजातला बहुतेक गोंधळ ते वेगळे न केल्यामुळे होतो. हा आजार आहे का? तो उपचाराने बदलतो का? आणि बदलता आला, तर बदलावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनोविकारशास्त्र समलैंगिकतेला विकार मानत होते. या समजुतीला प्रयोगाने धक्का दिला तो अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी. तोपर्यंतचे निष्कर्ष तुरुंगातल्या किंवा दवाखान्यात आलेल्या माणसांवरून काढलेले होते. हूकर यांनी सर्वसामान्य जीवन जगणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष निवडले, त्यांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि कोण कोणत्या गटातला हे न सांगता त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना दोन गट ओळखता आले नाहीत. मानसिक स्वास्थ्यातही फरक आढळला नाही. हा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थीमित्रांनो, येथे निवड कशी करावी याचा धडा आहे. केवळ रुग्णालयातून नमुना घेतला, तर जगातली सगळी माणसे आजारीच दिसतील.

१९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तोच निर्णय घेतला. मात्र तिच्या दहाव्या आवृत्तीत एक पळवाट उरली होती : आपला कल स्वतःलाच नकोसा वाटत असेल, तर त्या अवस्थेला निदानाचे नाव होते. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ मुलाला दोष दिला जातो, त्या घरातल्या मुलाला आपला कल नकोसा वाटणारच. मग त्याला विकारी ठरवायचे आणि उपचार सुरू करायचे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत हे निदानही राहिलेले नाही.

भारतात हा प्रवास अधिक रखडत झाला. १९८२ साली मुंबईतील मनोविकारतज्ज्ञांनी ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये १३ समलिंगी पुरुषांवर वर्तनोपचार केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्या काळात ही गुपचूप चाललेली भोंदूगिरी नव्हती. ते मान्यताप्राप्त वैद्यक होते, प्रतिष्ठित नियतकालिकात छापले जात होते. २००१ साली राजधानीतील एका मोठ्या रुग्णालयात अशा ‘उपचारा’ला सामोरे गेलेल्या रुग्णाच्या वतीने नाझ फाउंडेशनने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. कलम ३७७ नुसार समलैंगिक संबंध तेव्हा गुन्हा होता, म्हणून आयोगाने त्यात पडायचे नाकारले. ज्याला गुन्हा म्हणतात तो बरा करणाऱ्याला दोष कसा द्यायचा, असा तो तर्क होता. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली, हे त्या संदर्भात लक्षात घ्यावे.

पुढचा क्रम बहुतेकांना परिचित आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने पुन्हा तो गुन्हा राहिला नसल्याचे सांगितले. त्या वेळच्या याचिकाकर्त्यांत आयआयटीचे २० आजी-माजी विद्यार्थीही होते. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रालाही सुनावले की, जो आजारच नाही तो ‘बरा’ करण्याच्या मागे लागू नये. त्या निकालाच्या आधीच भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने समलैंगिकता हा मनोविकार नसल्याचे जाहीर केले होते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर स्पष्टच म्हटले आहे की, समाजातील नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

मी हे सांगत असताना शेजाऱ्यांनी मला मध्येच थांबवले. “आजार नसेल,” ते म्हणाले, “पण बदललेली माणसे आहेत ना? दवाखानेवाले नावे सांगतात.” हा दुसरा प्रश्न. तो टाळता येत नाही, कारण श्रद्धेची सारी बाजू त्याच्यावर उभी असते.

येथे आधी तीन शब्द वेगळे करावे लागतात : कल, वर्तन आणि ओळख. कल म्हणजे मनाची ओढ कुणाकडे आहे ते. वर्तन म्हणजे माणूस प्रत्यक्षात काय करतो. ओळख म्हणजे तो स्वतःला काय म्हणवतो. समलिंगी माणूस लग्न करू शकतो, त्याला मुले होऊ शकतात, तो आयुष्यभर स्वतःला ‘बदललेला’ म्हणू शकतो. या सगळ्यात वर्तन आणि ओळख बदलली, ओढ बदलली असे सिद्ध होत नाही. मामांचा लग्नाचा उपाय याच जागी फसतो. त्याची किंमत मात्र मुलाबरोबरच, काहीही ठाऊक नसलेली एक परकी मुलगी मोजते. ‘यशस्वी’ उपचारांचे बहुतेक जुने अहवाल असेच होते : माणसे थोडी, तुलनेसाठी दुसरा गट नाही, मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब नाही, आणि पुरावा म्हणजे रुग्णाने स्वतः दिलेला होकार. ज्याच्यासमोर वडील, डॉक्टर आणि देव असे तिघेही ‘हो’ ऐकायला बसले आहेत, त्याच्या होकाराचे वजन किती धरायचे?

या प्रश्नाने एका मोठ्या शास्त्रज्ञाची कसोटी पाहिली. रॉबर्ट स्पिट्झर हे १९७३ च्या निर्णयामागचे प्रमुख मनोविकारतज्ज्ञ. त्यांनीच २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला : आपला कल बदलला असे सांगणाऱ्या २०० जणांच्या दूरध्वनीवरून मुलाखती. अनेकांमध्ये बदल झाला असे त्यांनी लिहिले, आणि जगभरच्या धार्मिक गटांनी तो निबंध डोक्यावर घेतला. मुलाखत दिलेल्यांपैकी पुष्कळांना अशा उपचारांचा पुरस्कार करणाऱ्या गटांनीच पाठवले होते, आणि त्यांचे म्हणणे खरे की स्वतःची समजूत, हे तपासण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. २०१२ साली, ऐंशीच्या घरात आणि पार्किन्सनने ग्रासलेले असताना, स्पिट्झर यांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून ही त्रुटी मान्य केली आणि समलिंगी समाजाची क्षमा मागितली. पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही १९७६ पासून ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे कल बदलण्याचे काम करणारी संघटना बंद झाली. तिचे प्रमुख अॅलन चेंबर्स यांनी आपल्या पाहण्यातल्या बहुसंख्य लोकांचा कल बदलला नाही हे मान्य केले होते आणि झालेल्या दुखापतीबद्दल माफी मागितली होती.

काही व्यक्तींमध्ये आयुष्याच्या ओघात ओढीचे स्वरूप आपोआप थोडेफार बदलते, असेही संशोधनात दिसले आहे. हे लपवण्याचे कारण नाही. परंतु नदीचे पात्र सरकते म्हणून ते कुणी ढकलून सरकवता येते असे होत नाही. बाहेरून, ठरवून, दुसऱ्याच्या इच्छेने केलेल्या प्रयत्नांनी कल बदलतो याचा विश्वासार्ह पुरावा नाही. नैराश्य, आत्मतिरस्कार आणि जीव नकोसा होणे हे परिणाम मात्र अभ्यासांत वारंवार नोंदले गेले आहेत. दिल्लीत विजेचे झटके देऊन समलैंगिकता ‘बरी’ करण्याचा दावा करणाऱ्या एकावर २०१६ साली दिल्ली मेडिकल कौन्सिलने बंदी घातली होती. तरीही काम चालूच राहिल्यावरून २०१८ च्या अखेरीस न्यायालयाने त्याला समन्स काढले. मे २०२० मध्ये केरळची एक तरुण विद्यार्थिनी गोव्यात मृत्यू पावली. त्याआधी घरच्यांनी आपल्यावर बळजबरीने असे उपचार केल्याचे तिने जाहीरपणे सांगितले होते. हे ऐकल्यावर शेजाऱ्यांनी बराच वेळ काही विचारले नाही.

आता श्रद्धेकडे वळू. श्रद्धावान माणसांची टिंगल करून हा प्रश्न सुटत नाही. आमच्या शिक्षकखोलीत जेवणाच्या वेळी पंजाबी, हरियाणवी, केरळी, मेवाती अशी सारी मंडळी असतात. या विषयावर मते विचारली तर ती धर्मानुसार विभागली जात नाहीत. प्रत्येक धर्माच्या आत विभागली जातात. हेच चित्र न्यायालयातही दिसले होते. २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती, क्रांतिकारी मनुवादी मोर्चा होता. इतर कोणत्याही विषयावर ही मंडळी एका बाकावर बसली असती का, याची शंका आहे. निकालाच्या बाजूने समलिंगी मुलांचे पालक, मनोविकारतज्ज्ञ, प्राध्यापक आणि चित्रपट दिग्दर्शक श्याम बेनेगल उभे होते. त्या पालकांनाही आपापले देव होतेच.

धर्मविचारात डोकावले तर आणखी एक गोष्ट आढळते. जुन्या धर्मचर्चेत प्रश्न कृतीचा होता : अमुक कृत्य पाप की नाही, त्याला प्रायश्चित्त कोणते. ओढ मुळातून बदलून देऊ, अशी हमी तिथे सहसा नव्हती. कॅथलिक चर्चची धर्मशिकवण समलैंगिक कृतीला आजही मान्यता देत नाही. परंतु या प्रवृत्तीचा मानसिक उगम बव्हंशी अज्ञात आहे असे तीच सांगते आणि अशा व्यक्तींना आदराने स्वीकारा असेही सांगते. इस्लामी शास्त्रचर्चेचा भरही मनातल्या ओढीपेक्षा कृतीवर राहिला आहे. सुश्रुतसंहितेत प्रचलित चौकटीबाहेरच्या पुरुषांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांची कारणे मातापित्यांच्या बीजात आणि गर्भधारणेत शोधली आहेत. आजच्या विज्ञानाशी त्याचा मेळ नाही, पण ‘वाईट संगतीने बिघडला’ हे स्पष्टीकरण ते नव्हे.

मग ‘बरा करून देतो’ ही भाषा आली कुठून? ती आपण दिली. आपण म्हणजे विज्ञानाने. रोग, निदान, उपचार, सुधारणा हे शब्द दवाखान्यातून देवळात आणि आश्रमात गेले. डिसेंबर २०१३ मध्ये एका सुप्रसिद्ध योगगुरूंनी समलिंगी व्यक्तींना आश्रमात बोलावून बरे करण्याची हमी दिली, तेव्हा त्यांनी धर्मग्रंथाची भाषा वापरली नाही. वापरली ती वैद्यकाची. २०१६ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी समलैंगिकता गुन्हा नाही असे म्हटले, पण त्यापाठोपाठ हा मानसशास्त्रीय प्रश्न असल्याचेही सांगितले. महाराजांनी ज्या शब्दांत आमच्या शेजाऱ्यांना सल्ला दिला, ते शब्दही पन्नास वर्षांपूर्वीच्या मनोविकारशास्त्राच्या पुस्तकातून गळून पडलेले होते.

श्रद्धा मात्र थांबून राहिलेली नाही. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याला विरोध केला होता. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची कथा सांगून, अशी माणसे समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांना जगण्याचा अधिकार आहे, असे म्हटले. लोकमतही हलते आहे. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असे म्हणणाऱ्या भारतीयांचे प्रमाण काही वर्षांत १५ टक्क्यांवरून २०१९ साली ३७ टक्क्यांवर गेले होते. तरीही बहुमत ते नव्हे.

आपल्या मराठीत तर ही चर्चा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, ते लैंगिक प्रश्नांकडे पाप-पुण्याऐवजी आरोग्याच्या दृष्टीने पाहता यावे म्हणूनच. १९३४ साली वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पण लोकांनी प्रश्न विचारला तर अभ्यास असलेल्या माणसाने उत्तर दिले पाहिजे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. पुढे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टच्या कामातून आणि मराठी पुस्तकांतून हेच केले.

राहिला तिसरा प्रश्न : बदलता आला, तर बदलावा का? येथे विज्ञानाचा आधार घेण्याचा मोह अनेकांना होतो. ‘हे जन्मजात आहे, म्हणून स्वीकारा’ असे आपण म्हणतो. कारणांविषयी थोडे माहीत आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे ४ लाख ७७ हजार जणांच्या जनुकांचा अभ्यास आला. ‘समलैंगिकतेचे एक जनुक’ असे काही सापडले नाही. पाच जागा ठळक दिसल्या, आणि जनुकांतील सामान्य फरकांनी ८ ते २५ टक्के भिन्नतेचा उलगडा होत होता. एखाद्याच्या जनुकांवरून त्याचा कल सांगता येणार नाही, असे लेखकांनीच नमूद केले. शिवाय तो अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचा होता आणि त्यात मोजले होते ते वर्तन. ज्याला थोरले भाऊ अधिक, त्याचा कल समलिंगी असण्याची शक्यता किंचित वाढते, हेही अनेक पाहण्यांत आढळले आहे. जनुके, गर्भावस्था आणि आणखी काही अशी ही गुंतागुंत आहे. तिच्यात संगत किंवा आईचे लाड हे कारण म्हणून कुठे सिद्ध झालेले नाही.

परंतु माणसाचा मान या गुंतागुंतीवर टांगून ठेवू नये. उद्या काही नवे सापडले, कल बदलणारे औषधच निघाले, तर काय तो मान काढून घ्यायचा? येथे मला आपल्याच संविधानातले उदाहरण जवळचे वाटते. धर्म जन्मजात नसतो. कोणत्याही जनुकात तो नाही, माणूस तो बदलू शकतो आणि बदलतो. तरीही त्याचे स्वातंत्र्य कलम २५ ने राखले आहे, आणि कुणाची श्रद्धा औषधाने वा झटक्यांनी बदलावी असे कुणी म्हणत नाही. हरियाणाने तर २०२२ साली बळाने, दडपणाने वा आमिषाने केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदाच केला. त्या कायद्याविषयी मते काहीही असोत. मनाच्या गाभ्यातली गोष्ट दुसऱ्याने जबरदस्तीने बदलणे हा अन्याय आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. मग याच राज्यात, याच शहरात, एखाद्या विशीतल्या मुलाची ओढ दडपणाने बदलू पाहणे हा ‘उपचार’ कसा ठरतो? कन्व्हर्जन या एकाच शब्दाला आपण दोन ठिकाणी दोन न्याय लावतो. माल्टा, जर्मनी, कॅनडा, न्यूझीलंड अशा देशांनी या प्रकारांवर कायद्याने निर्बंध आणले आहेत. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आयोगाचे पत्र नोंदणीकृत डॉक्टरांपुरते आहे. ज्योतिषी, महाराज आणि स्वतःला समुपदेशक म्हणवणारा कुणीही त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

त्या संध्याकाळी शेजारी उठले तेव्हा त्यांचे समाधान झाले होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी रक्कम भरली नाही, एवढे मला ठाऊक आहे. नामस्मरण चालू राहिले. काही महिन्यांनी मुलगा परीक्षेतली एक शंका विचारायला आला, तेव्हा जाताजाता म्हणाला, “अंकल, घरात आता मला कुणी ‘ठीक हो जाएगा’ म्हणत नाही.” त्याच्या आईचे नामस्मरण अजून चालते आणि तोही कधी कधी तिच्या शेजारी बसतो. त्याला हवे होते ते श्रद्धा नसलेले घर नव्हे; ज्या घरात तो दुरुस्तीला काढलेली वस्तू नाही, असे घर.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच आहे की, या विषयात आपण तटस्थ प्रेक्षक नाही. ‘आजार’ हा शब्द आपल्याच विद्याशाखेने दिला होता आणि तो जाहीरपणे परत घेण्याचे काम अर्धेच झाले आहे. कुणी ‘बदलून देतो’ म्हणाले तर चार गोष्टी विचारा. बदलले ते नेमके काय : ओढ, वर्तन की ओळख? तुलनेला दुसरा गट होता का? सोडून गेलेल्यांचे काय झाले? आणि उपचार मागितला कुणी, त्या व्यक्तीने की तिच्याभोवतीच्यांनी? हे प्रश्न दवाखान्यात विचारा, सत्संगातही विचारा आणि आपल्या पाठ्यपुस्तकालाही विचारा. उत्तर ऐकताना आवाज चढवू नका. समोर बहुधा घाबरलेले आईवडील असतात.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः अशा दडपणाखाली असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते. तुमच्यावर कुणी उपचार लादू पाहत असेल, तर त्या डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. २५ ऑगस्ट २०२२ चे पत्र त्यासाठीच आहे. ते पत्र अस्तित्वात आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. निदान आपल्या वर्गातल्या एकाला तरी ते सांगा.